निरोगी दिसणाऱ्या झाडांची शंभर वर्षांची झडती

१/ #धागा
२८ जानेवारी १९१०. अमेरिकेच्या राजधानीत चेरीची दोन हजार रोपे ढीग रचून पेटवून देण्यात आली. तोक्यो शहराने मैत्रीची खूण म्हणून ती पाठवली होती. मात्र तपासणीत रोपांवर किडी आणि मुळांत सूत्रकृमी आढळले. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या संमतीने ती भेट अग्नीच्या स्वाधीन झाली.

२/ जपानने अपमान गिळला आणि १९१२ मध्ये ३,०२० नवी रोपे पाठवली. वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध चेरीबहराची परंपरा तेव्हापासूनची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत वनस्पती विलगीकरणाचा कायदा झाला. परदेशातून येणारे प्रत्येक रोप आता तपासले जाणार होते. पण तपासायचे कशाने? डोळ्यांनी आणि भिंगाने. जो शत्रू भिंगाखालीही दिसत नाही, त्याचे काय करायचे? हा प्रश्न पुढे शंभर वर्षे फळसंशोधकांना छळत राहिला. हा धागा त्याच प्रश्नाचा इतिहास आहे.

३/ आधी झाडांची ओळख. पीच, जर्दाळू, आलुबुखारा, चेरी आणि बदाम ही सारी प्रूनस या एकाच प्रजातीतली भावंडे. सर्वांच्या पोटात कठीण कोय. कोय पेरली तर रोप उगवते, पण फळ आईसारखे निघेलच याची हमी नसते. म्हणून उत्तम वाण टिकवायचा एकच मार्ग उरतो : त्या झाडाची डोळकाडी घ्यायची आणि दुसऱ्या खुंटावर डोळा भरायचा. आपल्याकडे हापूसचे कलम बांधतात, त्यामागचा विचारही हाच.

४/ कलमाची किमया अशी की एका झाडाची लाखो झाडे होतात आणि प्रत्येक झाड मूळ झाडाचेच शरीर असते. शापही नेमका तोच. मूळ झाडाच्या रसात रोग असेल, तर तो प्रत्येक डोळ्यातून पुढे जातो. बी पेरताना बरेचसे विषाणू मागे राहतात. कलमात मात्र झाडाची सगळी मालमत्ता आणि सगळे कर्ज एकत्रच हस्तांतरित होते.

५/ या कर्जाची पहिली मोठी वसुली अमेरिकेत झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या परिसरात पीचची झाडे विचित्र पद्धतीने मरू लागली. फळे वेळेआधी पिकत, त्यांवर लाल ठिपके येत, पाने पिवळी पडत, खोडातून काटक्यांसारख्या बारीक फांद्यांचे झुपके फुटत आणि काही वर्षांत झाड संपे. शेतकऱ्यांनी त्याला नाव दिले ‘पीच यलोज’, म्हणजे पीचचा पिवळा रोग.

६/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा रोग मिशिगनच्या सरोवरकाठी पोहोचला. सेंट जोसेफच्या परिसरातल्या भरभराटीच्या बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. १८७५ मध्ये मिशिगनने कायदा केला : रोगट झाड दिसले की ते उपटून नष्ट करायचे. मालकाची इच्छा असो वा नसो. स्वतःच्या जमिनीवरचे स्वतःचे झाड शेजाऱ्याच्या बागेसाठी तोडावे लागेल, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती. फळझाडांच्या रोगनियंत्रणातले सगळे तंटे पुढे याच एका मुद्द्याभोवती फिरले.

७/ पण रोग होतो कशाने? जमिनीतले सत्त्व कमी झाल्याने, थंडीने, वाईट खताने, असे नाना तर्क होते. १८८० च्या दशकात अर्विन स्मिथ या तरुण शास्त्रज्ञाकडे हे कोडे आले. त्याने रोगट झाडाचे डोळे निरोगी झाडांवर भरले. ती निरोगी झाडेही रोगट झाली. मातीचा दोष असता तर डोळ्यासोबत तो कसा आला असता? रोग संसर्गजन्य आहे हे सिद्ध झाले. त्याचा जंतू मात्र सूक्ष्मदर्शकाला सापडला नाही.

८/ स्मिथच्या त्या प्रयोगात पुढच्या संपूर्ण शास्त्राचे बीज होते. झाडात काय दडले आहे हे दिसत नसेल, तर त्याचा एक तुकडा दुसऱ्या झाडात घालायचा आणि ते दुसरे झाड काय बोलते ते ऐकायचे. झाडालाच उपकरण करायचे. सूचक झाडांवरची चाचणी म्हणजे मुळात हेच.

९/ दरम्यान युरोपात आणखी भयंकर काहीतरी घडत होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत बल्गेरियातल्या शेतकऱ्यांना आलुबुखाऱ्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसू लागले. पानांवर फिकट वलये, कोयीवरही वलये, आणि फळे पिकण्याआधीच जमिनीवर सडा. लोकांनी या रोगाला ‘शार्का’ म्हटले. शब्दाचा अर्थच देवी. १९३२ मध्ये दिमितर आतानासोफ यांनी हा विषाणूजन्य रोग असल्याचे मांडले.

१०/ बाल्कन प्रदेशात आलुबुखारा हे नुसते फळ नव्हते. सुकवून खायचे, मुरंबा करायचा, मद्य गाळायचे. घरोघरची बेगमी त्यावर चाले. शार्काने या बेगमीवरच घाला घातला. मग तो सरकत राहिला : युगोस्लाव्हिया, हंगेरी, जर्मनी, १९६५ च्या सुमारास ब्रिटन, १९७० च्या सुमारास फ्रान्स, १९८४ मध्ये स्पेन. १९९० च्या दशकात चिलीमध्ये आणि भारतात हिमाचल प्रदेशातही त्याची नोंद झाली.

११/ हा प्रवास कोणी घडवला? बागेतल्या बागेत मावा कीड विषाणू नेते. रोगट पानाला काही सेकंद सोंड टोचली तरी पुरते. पण माव्याच्या सोंडेवर हा विषाणू फार तर काही तास टिकतो. समुद्र आणि पर्वत ओलांडायला त्याला दुसरे वाहन लागते, आणि ते वाहन म्हणजे माणसाच्या हातातली डोळकाडी. नवा वाण लावण्याच्या हौसेने आणलेली, वरून ताजी टवटवीत दिसणारी काडी.

१२/ खरी मेख इथे होती. जगभरच्या संशोधन केंद्रांत कोयीच्या फळझाडांचे मोठे संग्रह उभे राहत होते. फ्रँक मेयरसारखे शोधक चीनच्या डोंगरदऱ्यांतून जंगली पीचची बियाणी आणि काड्या अमेरिकेत धाडत होते. प्रत्येक वाणाची एक-दोन झाडे, आणि अशा शेकडो वाणांच्या रांगा. रोगप्रतिकारक, थंडी सोसणारा, गोड फळांचा नवा वाण घडवायचा तर त्याची सामग्री याच रांगांत. संग्रह म्हणजे फळशेतीचे ग्रंथालय.

१३/ आणि हेच ग्रंथालय साथीचे केंद्रही होऊ शकत होते. देशोदेशींच्या काड्या एका आवारात, एकाच ऋतूत फुलणाऱ्या. नेक्रॉटिक रिंगस्पॉट आणि प्रून ड्वार्फ हे विषाणू तर परागकणांतूनही पसरतात. मधमाशी एका वाणाचा रोग दुसऱ्याला पोहोचवते. निरोगी आलेले झाड दहा वर्षे संग्रहात उभे राहिले की ते निरोगी राहिलेच असेल, असे छातीठोकपणे म्हणता येत नसे. इथूनच काड्या मागणाऱ्या शेकडो रोपवाटिकांना धोका होता.

१४/ धोक्याचे एक उदाहरण कॅनडात घडले. १९३३ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या कूटनी सरोवराकाठी चेरीची फळे बारीक, फिकट आणि बेचव येऊ लागली. झाडे डौलदार, पाने हिरवी. खोट फक्त फळात. ‘लिटल चेरी’ नावाच्या या रोगाने काही वर्षांत तिथला चेरीव्यवसाय बुडवला. पुढे १९५० च्या दशकात संशोधकांना आढळले की क्वान्झान आणि शिरोफुगेन या शोभेच्या जपानी चेरी हा रोग अंगात बाळगतात आणि स्वतः जराही आजारी दिसत नाहीत.

१५/ नियतीचा खेळ असा की यांतलीच शिरोफुगेन चेरी दुसऱ्या विषाणूंची सर्वांत चोख पहारेकरी निघाली. १९४५ मध्ये ओरेगनच्या मिलब्रॅथ आणि झेलर यांनी कोयीच्या फळझाडांतल्या सुप्त विषाणूंवर लेख प्रसिद्ध केला. संशयित झाडाचा डोळा शिरोफुगेनच्या फांदीत भरायचा. रिंगस्पॉट गटातला विषाणू असेल तर महिनाभरात डोळ्याभोवतीची साल काळी पडून मरते आणि डिंक पाझरतो. नसेल तर फांदी शांत राहते.

१६/ या चाचणीचे सौंदर्य असे की शिरोफुगेनची साल विषाणूला जागीच रोखते. त्यामुळे एकाच फांदीवर ओळीने अनेक झाडांचे डोळे तपासता येतात. इतर विषाणूंसाठी इतर पहारेकरी नेमले गेले. बोर्दोजवळच्या ग्रांद फेराद केंद्रातून आलेली जीएफ-३०५ ही पीचची रोपे शार्कासह अनेक रोगांना चटकन लक्षणे दाखवत. हिरव्या वलयांच्या रोगासाठी क्वान्झान. एका संग्रहाच्या तपासणीला अशी सूचक झाडांची पलटणच लागे.

१७/ १९५५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या प्रॉसर या छोट्या गावी अमेरिकेतला आंतरराज्य प्रकल्प सुरू झाला. काम वरकरणी नीरस : फळझाडांचे वाण आणायचे, सूचक झाडांवर तपासायचे, शुद्ध ठरलेली झाडे वेगळ्या जागी जपायची आणि त्यांच्याच काड्या रोपवाटिकांना द्यायच्या. एका वाणाचा निकाल लागायला दोन-तीन वर्षेही लागत. घाईने दिलेला ‘शुद्ध’ हा शेरा चुकला, तर त्याची फळे हजारो एकरांत भोगावी लागत. त्यामुळे धीर हाच या कामाचा खरा पगार.

१८/ आणि झाड रोगट निघाले तर? वाण फेकून द्यायचा? इथे लुई कुंकेल यांचे १९३६ चे काम उपयोगी पडले. पिवळ्या रोगाने ग्रासलेली पीचची झाडे त्यांनी सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या उबदार खोलीत काही आठवडे ठेवली आणि ती बरी झाली. हा रोग विषाणूचा नसून फायटोप्लाझ्मा या भिंतहीन जिवाणूंचा आहे, हे गुपित तीस वर्षांनी, १९६७ मधल्या जपानी शोधानंतर उलगडत गेले. पण उष्णोपचाराची वाट खुली झाली होती. ऊब सोसलेल्या झाडाच्या कोवळ्या शेंड्यावर विषाणू पोहोचलेला नसतो. तो इवलासा शेंडा नव्या खुंटावर बसवला की वाण शुद्ध होऊन परत येतो.

१९/ शेंडाकलमाचे हेच तंत्र १९७० च्या दशकात लिंबूवर्गीय फळांसाठी बारीकसारीक तपशिलांसह विकसित झाले. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्रात संत्र्याची रोगमुक्त मातृवृक्षे तयार करण्यासाठी ते वापरले जाते. विदर्भातला बागायतदार जेव्हा प्रमाणित कलमाचा आग्रह धरतो, तेव्हा नकळत तो याच परंपरेचा वारसा सांगत असतो.

२०/ तपासणीचा वेग बदलला तो १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग केंद्रात मायकेल क्लार्क आणि अँथनी अ‍ॅडम्स यांनी एलायझा ही रक्ततपासणीतली पद्धत वनस्पतींसाठी बसवली. त्यांच्या आरंभीच्या प्रयोगांत शार्काचा विषाणूही होता. प्लास्टिकच्या तबकडीत छोट्या वाट्या. तळाशी विषाणूला पकडणारी प्रतिपिंडे. त्यावर पानाचा रस. मग विकराने जोडलेली प्रतिपिंडे. विषाणू असेल तर वाटी पिवळी होते. वर्षांचे काम दोन दिवसांवर आले.

२१/ तरीही झाड फसवतेच. शार्काचा विषाणू झाडात सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत असतो, शेजारच्या फांदीत नसतो. उन्हाळा चढला की पानांतले त्याचे प्रमाण घटते. म्हणून वसंतात, झाडाच्या चारी बाजूंनी पाने घ्यावी लागतात. नवा संसर्ग झालेले झाड तर काही वर्षे कोणतेच लक्षण दाखवत नाही. ‘चाचणीत आढळला नाही’ आणि ‘झाडात नाही’ या दोन वाक्यांतले अंतर ज्याला कळले, तोच खरा परीक्षक.

२२/ त्यातच एक नवाच शत्रू समोर आला. १९७१ मध्ये थिओडोर डीनर यांनी बटाट्याच्या एका रोगामागे विषाणूपेक्षाही लहान काहीतरी असल्याचे दाखवले. प्रथिनाचे आवरण नाही. आरएनएचा नुसता उघडा वेटोळा धागा. त्यांनी त्याला ‘विरॉइड’ म्हटले. १९७८ मध्ये त्याची पूर्ण रचना वाचली गेली, तेव्हा तो अवघ्या ३५९ घटकांचा निघाला.

२३/ एलायझाचा सारा डोलारा विषाणूच्या प्रथिनावर उभा. विरॉइडला प्रथिनच नाही, म्हणजे तबकडीतली वाटी कोरीच राहणार. आणि पीचमध्ये नेमका असाच एक पाहुणा निघाला. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये परदेशी पीचच्या तपासणीत एक सुप्त रोग लक्षात आला होता. १९८८ मध्ये स्पेनमध्ये फ्लोरेस आणि लासेर यांनी त्यामागे विरॉइड असल्याचे दाखवले. १९९२ मध्ये त्याची रचना कळली : सुमारे ३३७ घटक.

२४/ हा ‘पीच लेटंट मोझेक’ विरॉइड नावाप्रमाणेच लपून राहतो. पाने बहुधा स्वच्छ. मात्र बहर उशिरा येतो, फळ वेडेवाकडे होते, शिवणीवर तडकते, आणि झाड अकाली म्हातारे होते. बागायतदार दोष जमिनीला देतो, हवामानाला देतो. जगभरच्या पीच संग्रहांची आण्विक तपासणी सुरू झाली, तेव्हा अनेक खंडांतल्या वाणांत हा विरॉइड मोठ्या प्रमाणावर आढळला. छाटणीच्या कात्रीतूनही तो जातो, हेही सिद्ध झाले. म्हणजे संग्रहाची निगा राखणारा माळीच नकळत त्याचा वाहक होता.

२५/ जपानमध्ये आलुबुखारा आणि पीचच्या फळांवरच्या ठिपक्यांमागेही १९८० च्या दशकात असाच एक विरॉइड निघाला : हॉप वेलीला खुजा करणारा. उष्णोपचारालाही विरॉइड दाद देत नाहीत. उबेत त्यांचे फावतेच. विषाणूंवर जिंकलेली जुनी शस्त्रे इथे बोथट ठरली. आरएनएच ओळखणाऱ्या चाचण्या आणि नंतर पीसीआर यांशिवाय गत्यंतर नव्हते.

२६/ आता १९९९. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅडम्स परगण्यात एका बागायतदाराला पीचवर वलये दिसली. चाचणी झाली : शार्का. उत्तर अमेरिकेतली ती पहिली नोंद. माव्याचा वेग ठाऊक असल्याने केवळ रोगट झाडे तोडून भागणार नव्हते; आजूबाजूच्या, निरोगी दिसणाऱ्या बागाही गेल्या. सुमारे १,६०० एकरांवरची झाडे नष्ट झाली. ऐन फळांवर आलेली, वाडवडिलांच्या हातची.

२७/ भरपाई मिळाली, पण फळबाग म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. रोप लावल्यापासून भरघोस फळ येईपर्यंतची वर्षे कोणी परत देत नाही. दहा वर्षे दर हंगामात पाने गोळा होत राहिली. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया शार्कामुक्त जाहीर झाले. पुढे मिशिगन आणि न्यूयॉर्कमधल्या प्रादुर्भावांशी झुंजून २०१९ मध्ये संपूर्ण अमेरिका. शेजारच्या कॅनडाने मात्र २०११ मध्ये ओंटारिओतला समूळ उच्चाटनाचा प्रयत्न थांबवला. लढाई एकच, निकाल दोन.

२८/ तीस वर्षांत शार्काने जगाचे १० अब्ज युरोंहून अधिक नुकसान केल्याचा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. या आकड्यापुढे प्रॉसरसारख्या केंद्रांचा खर्च नगण्य. तरीही अशा केंद्रांना निधीसाठी झगडावे लागले. कारण उघड आहे : टळलेली साथ कोणाला दिसत नाही. २००८ च्या अमेरिकी कृषी कायद्यातून शुद्ध रोपांचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले, तेव्हा या कामाला थोडे स्थैर्य आले.

२९/ शेवटची क्रांती ताजी आहे. आतापर्यंतची प्रत्येक चाचणी एका ठरावीक आरोपीचाच शोध घेई. नाव ठाऊक नसलेला गुन्हेगार सुटे. आता झाडातला सगळा आरएनए एकदम वाचता येतो. २०१५ मध्ये अमेरिकेत विलगीकरणात ठेवलेल्या आयात नेक्टरीन झाडांत याच पद्धतीने एक अज्ञात विषाणू सापडला. जुन्या चाचण्यांच्या यादीत त्याचे नावच नव्हते.

३०/ पण नव्या ज्ञानाने नवा पेच आणला. सापडलेला प्रत्येक विषाणू घातक असतोच असे नाही. काही झाडासोबत निमूट नांदतात. मग दुर्मिळ वाणाचे एकुलते एक झाड अशा अज्ञात पाहुण्यामुळे अडवून ठेवायचे, की सोडायचे? अडवले तर ज्ञान आणि वाण कुंपणाआड कुजतो. सोडले आणि अंदाज चुकला, तर पुढची पिढी कुऱ्हाड घेऊन बागेत उभी असते. याचे उत्तर यंत्र देत नाही. त्यासाठी आजही संशयित डोळा सूचक झाडावर भरून वाट पाहावी लागते, स्मिथने पाहिली तशीच.

३१/ १९१० मधल्या त्या ज्वाळांनी डोळ्यांना दिसणाऱ्या किडी जाळल्या. न दिसणाऱ्यांशी लढाई आगीने नव्हे, तर नोंदवह्या, डोळकाड्या आणि सोशिकपणा यांच्या बळावर लढली गेली. बाजारातला पीच हातात घेतल्यावर त्याची गोडी जाणवते. त्या गोडीमागे कोणीतरी तीन वर्षे एका फांदीवर डिंक पाझरतो का ते पाहत बसलेले असते आणि तो पाझरला नाही, याचे समाधान मानून पुढच्या झाडाकडे वळलेले असते. इतिहासात त्या माणसाचे नाव सहसा नसते. बागा मात्र असतात.